बोंड्याले जायचं हाय

गोदामवाल्या भाऊंचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. वाशीमच्या या मुलींच्या वसतिगृहात सकाळच्या पोळ्या माझ्याकडे असतात. कणकेच्या हातानं फोन कानाशी धरला.

"ताई, तुमच्या घराचं मागचं दार सडलं. शटर बसवून राह्यलो. थे जुनं दार तुमाले पाह्यजे का, का देऊ टाकून?"

मी म्हटलं, "येतो पाहाले."

दार घेऊन मी काय करणार होते, ते मलाच ठाऊक नव्हतं. पण रविवारी बसनं शेलूबाजारला गेले. फाट्यावर उतरल्याबरोबर तेच वास आले. डिझेल, भज्यांचं तेल, आणि कुठंतरी शेताच्या कडेला जळणारं सोयाबीनचं कुटार. हायवे आता रुंद झालाय, मधे दुभाजक आलाय. आमचं घर मात्र रस्त्यापासून आत असल्यानं वाचलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर टिनं, मागे परस. घर भाऊंना गोदामासाठी भाड्यानं दिलंय; खोल्यांत आता खताच्या आणि बियाण्याच्या थप्प्या आहेत. स्वयंपाकघरात चूल होती तिथंही पोती. खताचा तो नाकात चढणारा वास सोडला तर घरात काही नव्हतं.

दार परसात लिंबोणीला टेकवून ठेवलं होतं. खालच्या फळीवर ओरखडे होते, बारीक बारीक, एकावर एक. त्यांच्या वर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एक खिळा. इतक्या खाली कुणी खिळा कशाला ठोकेल, असं भाऊंना वाटलं असणार. त्यांनी विचारलं नाही. मी त्या खिळ्यावर बोट ठेवून बसले, आणि मग बराच वेळ उठलेच नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर जीपस्टँडवर गाड्या भरायचे. काळीपिवळीशेजारी उभं राहून हाळी द्यायची, माणसं कोंबायची, गाडी सोडायची. "मंगरूळ, मंगरूळ, मंगरूऽळ! बसा बसा, निंगाली गाडी!" लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा चेहरा ओळखीचा व्हायच्या आधी आवाज ओळखीचा झाला. तो हायवेवरच्या ट्रकांच्या वरून घरापर्यंत यायचा. त्याच्यावरच माझा दिवस चालायचा. आवाज थांबला की समजायचं, मामाजी जेवायला निघाले, तवा ठेवायचा.

समोर मात्र आम्ही दोघं जवळजवळ मुकेच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात बाई मी एकटी. मामाजी उंबऱ्याशी आले की खाकरायचे, मी डोक्यावर पदर ओढून आतल्या खोलीत सरकायची. ताट ठेवायचं, तांब्या ठेवायचा, बाजूला व्हायचं. माणूस मोठा स्वच्छतेचा. धोतर पांढरंशुभ्र, आणि ते स्वतःच धुवायचे. मी एकदा नकळत बादलीतून त्यांचं धोतर उचललं तर तोंड फिरवून म्हणाले, "राहू दे सूनबाई. थे माह्यं काम हाय." इतकंच.

मग एका सकाळी लकव्यानं त्यांची उजवी बाजू नेली. आवाजही नेला. घशातून एक 'हूं' तेवढा उरला, त्याला ना हो म्हणता येई ना नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, काळीपिवळी चालवायचे. सकाळी निघायच्या आधी ते मामाजींना धरून परसातल्या संडासात नेत, आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा. मधला सगळा दिवस घरात आम्ही दोघंच. ओसरीवर त्यांची खाट, आत मी, मधे उंबरा. मी सकाळी तांब्या भरून खाटेशी ठेवायची आणि खाली बघत म्हणायची, "पानी घ्या मामाजी." ते मान हलवायचे. दुपारी पाहावं तर तांब्या काठोकाठ. उन्हाळ्याचे दिवस, टिनं तापून कडकड आवाज करायची, शेजारच्या शकीलाचाचींच्या पिंजलेल्या कापसाचे तंतू हवेत तरंगत ओसरीवर यायचे, आणि मामाजी कोरड्या ओठांनी ते पाहत पडलेले असायचे.

ओठ फाटले. डोळे खोल गेले. एक दिवस ते उठवता उठेनात, तेव्हा दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पाणीच पोटात नाही, दुसरं काही नाही.

घरी आणल्यावर हे फार बोलले. "सून हाय ना घरात! तिले इशारा कराले काय होते? पानी सोडून बसले! कायले लाजता?"

मामाजींनी भिंतीकडे तोंड केलं. मी आतून पाहत होते. त्यांच्या डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळत गेलं, आणि ते पुसायला त्यांनी डावा हातही उचलला नाही. यांना मी काय सांगणार होते? लाज एकट्या मामाजींची नव्हती. ज्या माणसासमोर मी कधी मान वर केली नव्हती, त्याचा दंड धरून त्याला संडासाच्या दारापर्यंत न्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. यांनी दवाखान्यातून प्लास्टिकचं भांडं आणून खाटेखाली ठेवलं. मामाजींनी काठीनं ते अंगणापार ढकललं. तांब्या पुन्हा भरलेलाच राहू लागला.

बोंड्या आमच्याकडे आला तो काळीपिवळीच्या मागच्या सीटखालून. संध्याकाळी गाडी धुताना यांना गोणपाटात गुंडाळलेलं पिल्लू सापडलं. कुणी ठेवलं, कुणाचं राहिलं, काही कळलं नाही. अंगानं पांढरं, कानाशी आणि पाठीवर तपकिरी. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं. हे म्हणाले, "उद्या स्टँडवर सोडून देतो." आणि तोवर म्हणून त्याला मामाजींच्या खाटेवर ठेवलं. मामाजींनी डावा हात त्याच्यावर पसरला. सकाळी हे घ्यायला गेले तर हात तसाच होता, उचलेचना.

"बरं, राहू द्या," हे म्हणाले.

पिल्लू सगळं घर मुतून ठेवायचं. ओसरी, उंबरा, चुलीपुढचं पोतं, पाटाखाली, पाटावर. मी शेवया वाळत घातल्या होत्या त्या बाजेखालीसुद्धा. एकदा तर मामाजींच्या चपलेत. मी धावत फडकं आणलं, आणि तेवढ्यात ओसरीवर एक चमत्कारिक आवाज झाला, दगडावर दगड घासल्यासारखा. मी दचकून पाहिलं. मामाजी हसत होते. अर्धं तोंड वाकडं, डोळे मिटलेले, छाती हलत होती. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

शकीलाचाची बांधावरून म्हणाल्या, "नाक घास त्याचं त्याच्यात! एका दिवसात अक्कल येते." चाची गाद्या-रजया भरायच्या, त्यांच्या केसांत कायम कापूस असायचा. कुत्र्याला त्या शिवायच्या नाहीत, पण बांधावरून भाकरीचा तुकडा त्याच्यासाठी हटकून टाकायच्या. मी पिल्लाचं तोंड हातात धरलं. त्यानं माझा अंगठा चाटला. माझ्यानं झालं नाही.

मोबाईलवर तेव्हा नुकतंच भरपूर नेट मिळायला लागलं होतं. मी दुपारी उंबऱ्यावर बसून शोधलं, कुत्र्याला घरात घाण न करायला कसं शिकवायचं. हिंदीत बोलणारी एक मुलगी निघाली. मागे पांढरा सोफा, पायाशी लोकरीच्या गुंड्यासारखं कुत्रं. मी आवाज बारीक ठेवून पाहत होते. मग लक्षात आलं, मामाजी खाटेवर कुशीवर झालेत, कान देऊन. मी काही न बोलता आवाज वाढवला. एका घरात, एका वेळी, आम्ही दोघं एकच गोष्ट ऐकतोय असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

"उसे मारिए मत, डाँटिए मत," ती मुलगी सांगत होती. "वो बोल नहीं सकता. समझना आपको पड़ेगा."

मी फोन बंद केला. मामाजी टिनांकडे पाहू लागले. चाचींच्या अंगणात कापूस पिंजल्याचा टण्ण टण्ण आवाज तेवढा चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. पिल्लू झोपेतून उठलं की उचलायचं आणि परसात लिंबोणीखाली ठेवायचं. दूध प्यालं की परसात. खेळता खेळता गोल फिरून जमीन हुंगायला लागलं की धावत परसात. रोज तीच जागा. तिथं केलं की लगेच, अगदी लगेच, "शाब्बास रे बोंड्या! शहाना बेटा!" म्हणून भाकरीचा तेलात बुडवलेला कुटका द्यायचा. घरात केलं तर गप्प राहायचं, फिनेलनं पुसून काढायचं, त्याला वास राहू द्यायचा नाही. मी त्या उन्हाळ्यात किती वेळा पळाले असेन! पदर डोक्यावरून कधी घसरला ते मलाही कळलं नाही. पुढे कधीतरी जाणवलं की आता मी मामाजींसमोरून उघड्या डोक्यानं ये-जा करते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

पुढचा धडा इशाऱ्याचा. त्या मुलीनं दाराला घंटी बांधायला सांगितलं होतं. आमच्याकडे पूर्वी बैल होते तेव्हाची एक घुंगरमाळ माळ्यावर पडून होती. ती चिंचेनं घासली, मागच्या दाराला खाली खिळा ठोकून टांगली. बोंड्याचं नाक तिच्याजवळ न्यायचं. घुंगरू वाजले की दार उघडायचं, बाहेर न्यायचं, शाबासकी. आधी तो घाबरून खाटेखाली पळाला. मग वाजवायला शिकला पण नुसत्या मजेसाठी, बाहेर खार दिसली म्हणून. दार उघडायला वेळ झाला की पंजांनी फळी खरवडायचा. हळूहळू जमलं. पावसाळा तोंडावर असताना एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, आणि मागच्या दाराशी घुंगरू वाजले. मी काही शिकवत नव्हते, हाक मारली नव्हती. तो दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. दार उघडलं. थेट लिंबोणीखाली गेला.

मी ओरडलेच, "मामाजी! बोंड्यानं सांगतलं! त्यानं सोताच सांगतलं!"

"हूं!" मामाजींनी काठी जमिनीवर आपटली.

हे सगळं मामाजी खाटेवरून पाहत होते. एकूण एक धडा.

आणि मग ती दुपार आली. आभाळ भरून आलेलं, पाऊस नव्हता, उकाडा मात्र मी म्हणत होता. घुंगरू वाजले. मी उठून दार उघडलं. बोंड्या बाहेर गेला, उगाच हुंगून परत आला. मी बसते न बसते तो पुन्हा वाजले. पुन्हा दार, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजले तेव्हा मी रागावले. "काहून रे तरास देऊन राह्यला? आत्ताच त गेलता!"

ओसरीकडे पाहिलं. मामाजींच्या डाव्या हातात काठी होती. बोंड्या खाटेशी आला की ते काठीच्या टोकानं त्याला हळूच दाराकडे ढकलत होते. आणि त्यांचे पाय खाटेखाली सोडलेले होते. डावं पाऊल चपलेत गेलेलं, उजव्याला चप्पल सापडत नव्हती.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. दाराकडे पाहत होते.

काय बोलावं? एक शब्द चुकला असता तर ते पुन्हा भिंतीकडे वळले असते, आणि मग कायमचेच. मी बोंड्याकडे पाहून म्हटलं, "याले परसात एकट्याले भेव लागत असंन. मामाजी, तुमी याच्यासंग येता का जरा?"

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मग ते म्हणाले, "हूं."

मी खाली बसून त्यांच्या उजव्या पायात चप्पल सरकवली. त्यांचा दंड धरला. हाडांवर नुसती कातडी होती. पुढे बोंड्या, मागे आम्ही, परस पार केला. संडासाच्या दारात भिंतीची कड त्यांच्या हातात दिली आणि मी लिंबोणीपर्यंत मागे आले. पाठ करून उभी राहिले आणि बोंड्याशी मोठमोठ्यानं बोलत राहिले. लिंबं किती लागली, चाचींच्या मांजरीला किती पिल्लं झाली, काय वाटेल ते. मी काही ऐकत नाही एवढं त्यांना कळावं म्हणून.

परत येऊन खाटेवर बसल्यावर त्यांनी तांब्याकडे बोट केलं. मी भांडं भरून दिलं. ते घटाघट पाणी प्याले. गळ्याची घाटी वरखाली होताना मी पाहत राहिले. मग आत जाऊन चुलीपुढे बसून रडले.

पुढे कुणालाच काही सांगावं लागलं नाही. घुंगरू वाजायचे. मी म्हणायची, "बोंड्याले जायचं हाय." मामाजी काठी घेऊन उठायचे. थोड्या दिवसांनी तर त्यांनी चपलेत पाय सरकवला की बोंड्या आपणहून दाराकडे पळायचा. पाहुणे आले तरी अडचण नव्हती. मंगरूळहून मामाजींची बहीण आली होती, घुंगरू वाजले तसं तिनं गालाला हात लावला. "बाई व! कुत्रं सांगते?" मी म्हटलं, "हाव ना आत्या, लय हुशार हाय. मामाजीच फिरवून आनते त्याले." मामाजी ताठ मानेनं तिच्यासमोरून गेले. यांनाही मी खरं काय ते सांगितलं नाही. हे खूश होते, त्यांच्या बापूंनी पाणी प्यायला सुरुवात केली म्हणून.

पावसाळा आला. टिनांवरच्या पावसात बाकी काही ऐकू यायचं नाही, घुंगरू मात्र बरोबर ऐकू यायचे. ओल्या कुत्र्याचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, चुलीतल्या कपाशीच्या ओल्या पळाट्यांचा धूर. हे सकाळी जात ते दिवेलागणीलाच येत, आणि पुढे पुढे तर बाहेरगावची भाडी घेऊन दोन-दोन दिवस येत नसत. त्या घरात मला बोलायला कुणी नव्हतं. मी बोंड्याशी बोलायला लागले. ओसरीच्या उंबऱ्यावर बसून, त्याच्या पाठीतल्या गोचिड्या काढत. "बोंड्या, आज मले माह्या आईची याद येऊन राह्यली." "बोंड्या, लोक विचारते, पाळना कधी हालते. मी काय सांगू?" मामाजी ऐकायचे. मला ठाऊक होतं ते ऐकतात. मधेच 'हूं' यायचा. तो बोंड्यासाठी असायचा, तसं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

राखी जवळ आली होती. माझं माहेर जऊळक्याचं. स्टेशनजवळ भावाचं घर, पलीकडे रूळ. मामाजी खाटेवर पडल्यापासून मी तिकडे गेले नव्हते, राखी टपालानं पाठवायची. त्या दिवशी बोंड्याला म्हटलं, "तुले रेल्वे पाहाची हाय का रे? आमच्या जऊळक्याले पहाटे गाडी येते. घर हालते पुरं. भांडे वाजते. मले थे आवाज आयकाचा हाय एकडाव." एवढंच बोलले आणि उठून कामाला लागले.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुऊन बसले तोच मागच्या दाराशी घुंगरू वाजले. थांबून थांबून नाही, एकसारखे. आम्ही धावलो. मामाजी एकटे खाटेवरून उठून भिंतीला धरत दारापर्यंत आले होते. काठीनं घुंगरमाळेवर मारत होते. बोंड्या त्यांच्याभोवती भुंकत नाचत होता.

"काय झालं बापू? जायचं हाय का?"

मामाजींनी मान हलवली. जोरात, नाही म्हणून. काठीचं टोक माझ्याकडे केलं. मग खुंटीवरच्या माझ्या कापडी पिशवीकडे. मग बाहेर, काळीपिवळीकडे. यांना कळेना. मला कळलं होतं, पण माझ्या तोंडून ते निघणार नव्हतं. मामाजींच्या कपाळावर शिरा आल्या. तोंड वाकडं होऊन थुंकी गळली, आणि त्यातून कसंबसं आलं, "ज... ज..."

"जऊळका?" हे म्हणाले.

"हूं!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी नुकतीच घरात आले असेन, तसं पाहिलं. मग म्हणाले, "तू सांगतलं काहून नाई मले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जऊळक्याला सोडलं. चार दिवस मी गाडी बंद ठेवतो, घरी राहतो म्हणाले. मी भावाला राखी बांधली, वहिनीशी पोटभर बोलले, पहाटेच्या गाडीला भांडी वाजताना अंथरुणात पडून ऐकली. किती हलकं वाटलं होतं!

परत आले तेव्हा हे घरात नव्हते, स्टँडवर गेले असतील असं वाटलं. मामाजी ओसरीवर बसूनच होते. बोंड्यानं माझ्या पातळाला लोंबकळून घुंगरू वाजवून नुसता धुमाकूळ घातला. मला वाटलं, मी आले म्हणून. मामाजींनाही तेव्हाच परसात जायचं होतं. परत येऊन ते तांब्याभर पाणी प्याले, वर आणखी मागितलं. मी हसून बोंड्याला म्हटलं, "पाय, माह्या हातचं पानी गोड लागून राह्यलं वाटते."

पुढे तुरीचे आणखी दोन हंगाम निघाले. तिसऱ्या तुरीच्या वेळी, शेंगा भाजल्याचा वास सगळ्या गल्लीत असताना, मामाजी गेले. सकाळी, झोपेत, कुणाला काही न मागता. बोंड्या नंतरही कित्येक दिवस दुपारी घुंगरू वाजवायचा, दार उघडलं की बाहेर न जाता ओसरीकडे पाहत उभा राहायचा. मीच पुढे होऊन त्याच्याबरोबर लिंबोणीपर्यंत जायची आणि यायची. काळीपिवळीला प्रवासी मिळेनासे झाले. हे पुण्याला कंपनीची बस चालवायला गेले. घरात बोंड्या आणि मी. दोन पावसाळ्यांपूर्वी तोही गेला, लिंबोणीखालीच त्याला पुरलं. मग मी वाशीमला आले. इथं शंभर मुली आहेत, दिवसभर कलकल असते, सगळ्या मला मावशी म्हणतात. माझं नाव एखादीला ठाऊक असेलसं वाटत नाही.

भाऊंना मी सांगितलं, दार तुम्हीच ठेवा, कुठं फळी म्हणून लावा. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत ते मावलं नसतं. निघताना बांधापलीकडे शकीलाचाची दिसल्या. आता थकल्यात, रजया भरणं सोडलंय. त्यांनी मला बसवून घेतलं, चहा केला. जुन्या गोष्टी निघाल्या. मामाजींची गोष्ट निघाली.

"बेटा, एक बात सांगू का?" चाची म्हणाल्या. "तू राखीले गेलती ना, एकडाव? तुह्या नवऱ्याले दुसऱ्याच दिवशी भाडं आलं. गेला थो. दिवसभर बुढा एकटा. दुपारी घुंगरू वाजले, मी बांध लांघून आलो. दार उघडलं. म्हटलं, भाईजान, चला, मी धरतो. त्यानं मान हालवली. नाई आला. दुसऱ्या दिवशी घुंगरू वाजलेच नाई. पाह्यलं त तांब्या भरेल. मी म्हटलं, तुमच्या सुनीले फोन करतो. त असा हात जोडला बुढ्यानं, एकाच हातानं. मंग ओठावर बोट ठेवलं."

चाचींनी स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं.

"म्हनून मी सांगतलं नाई. आता थो बी गेला, माह्याही दिवस भरले. म्हटलं, सांगून टाकाव."

मी चहाचा कप खाली ठेवला. मला पहाटेची ती गाडी आठवली, ती भांडी. अंथरुणात पडून मी ती ऐकत होते तेव्हा इकडे ओसरीवर तो माणूस कोरडा पडून होता. माझं माहेरपण पुरं होऊ देत होता.

फाट्यावर बसची वाट पाहताना मी यांना फोन लावला. मागे गाड्यांचे आवाज होते.

"हां, बोल. काही काम होतं का?"

"नाई. सहज."

"बरं मंग ठेवतो. ड्युटी हाय."

फोन बंद झाला. मी तो हातात धरून उभी राहिले. हायवेवरून ट्रक जात होते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मला काय हवं ते मी या माणसाला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. एकदाच त्याच्यापर्यंत पोचलं होतं, तेही दुसऱ्याच कुणी सांगितलं म्हणून. मी पुन्हा फोन लावला.

"आवो," मी म्हटलं, "तुमी घरी या."

"काहून? काय झालं? तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी हाय. मले एकटं वाटून राह्यलं. लय दिवसापासून."

पलीकडे कुणीतरी हॉर्न दिला.

"दिवाळीले येतोच ना मी," शेवटी म्हणाले.

"दिवाळीले नाई. आत्ता या."

मग अगदी हलक्या आवाजात, असा त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता, ते म्हणाले, "सुट्टीचं विचारून पाहतो."

बस आली. गर्दी होती, पण एका म्हाताऱ्या बाईनं सरकून मला जागा दिली. तिनं विचारलं, कुठं जायचं. मी सांगितलं. ती म्हणाली, मग बस नीट, लांब आहे. मी नीट बसले.